मागे डिस्क ब्रेक असलेल्या व्हॅनची हँडब्रेक केबल: नवी टाकूनही पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर

हँडब्रेक सोडल्यावरही मागचे एक चाक धरून राहते, त्या बाजूची डिस्क तापते आणि करपल्याचा वास येतो. किंवा हँडब्रेकची दांडी दर महिन्याला एक-दोन खटके अधिक वर येत जाते आणि शेवटी उतारावर व्हॅन थांबत नाही. दोन्ही तक्रारींवर बहुधा एकच उपाय केला जातो, तो म्हणजे केबल बदलणे. काही महिने सारे ठीक चालते आणि मग तीच तक्रार त्याच चाकावर परत येते. माझ्या व्हॅनच्या उजव्या मागच्या चाकाची केबल अठरा महिन्यांत दोनदा बदलली गेली होती. तिसऱ्या वेळी मी स्वतः गाडीखाली गेलो तेव्हा दिसले की दुसऱ्यांदा टाकलेली केबल आतून अगदी स्वच्छ होती. अडकलेला होता तो कॅलिपरवरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावरचा, लिव्हर. त्यामुळे पुढील मजकुरात केबल कशी बदलायची हे तर येईलच, पण त्याआधी ती खरोखर दोषी आहे की नाही हे कसे ठरवायचे यावर माझा अधिक भर आहे, कारण ही तक्रार परत येण्याचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते.

आधी आपल्या गाडीतली रचना ओळखा

मागे डिस्क असलेल्या आणि केबलवर चालणाऱ्या हँडब्रेकच्या दोन प्रमुख रचना आढळतात. पहिल्या रचनेत पायाच्या ब्रेकचा कॅलिपरच हँडब्रेकचेही काम करतो. कॅलिपरच्या पाठीमागे एक छोटा लिव्हर असतो, केबल त्याला ओढते, आणि आतला स्क्रू किंवा उतरत्या खाचांत बसवलेल्या गोळ्या पिस्टनला बाहेर ढकलून पॅड डिस्कवर दाबतात. दुसऱ्या रचनेत डिस्कचा मधला भाग टोपीसारखा खोल असतो आणि त्याच्या आत लहान ड्रम ब्रेक बसवलेला असतो. तिथे केबल शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणारे अर्धगोल तुकडे, पसरवते आणि कॅलिपरचा हँडब्रेकशी काहीच संबंध नसतो. चाक काढून कॅलिपरकडे पाहिले की फरक लगेच कळतो: केबल कॅलिपरवर येत असेल तर पहिली रचना, डिस्कच्या मागच्या संरक्षक पत्र्यातून आत जात असेल तर दुसरी.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोन्हींचे आजार वेगळे आहेत. कॅलिपरच्या रचनेत लिव्हरच्या आसाचे सील फाटून पाणी आत गेले की आस गंजतो आणि लिव्हर परत यायला तयार होत नाही. ड्रमच्या रचनेत शू फक्त गाडी उभी असताना वापरले जात असल्याने फारसे झिजत नाहीत, पण न वापरल्यामुळे गंजतात, त्यांचे लायनिंग धातूपासून सुटते आणि शू पसरवणारी यंत्रणा आपल्या जागी घट्ट होऊन बसते. या सर्व दोषांत दांडीवर जाणवणारी लक्षणे मात्र केबल खराब झाल्यासारखीच असतात.

गाडी उचलण्यापूर्वी

या कामात हँडब्रेकवर विसंबता येत नाही, हे उघड आहे. परंतु व्हॅनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल, तर मागची चाके जमिनीवरून उचलल्याक्षणी गिअरचाही उपयोग संपतो, कारण गिअर ज्या चाकांना धरून ठेवतो ती चाकेच हवेत असतात. अशा वेळी गाडीला जागेवर धरून ठेवणारे दुसरे काहीही नसते, फक्त पुढच्या चाकांना लावलेले ठोकळे असतात. म्हणून जागा सपाट आणि टणक असावी, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे असावेत, आणि गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नये. व्हॅन रिकामी केल्याशिवाय उचलू नये. एक्झॉस्ट थंड होऊ द्यावा, कारण मागच्या केबल अनेकदा त्याच्या अगदी शेजारून जातात. तुटलेल्या केबलचे सुटे तारेचे धागे हातात खोल शिरतात, त्यामुळे जाड हातमोजे हवेत, आणि खालून काम करताना डोळ्यांत गंजाची भुकटी पडत असल्याने चष्माही हवा. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ब्रेक क्लीनरने ती ओली करूनच पुसावी.

गाडी उचलताना स्टँड शक्य असेल तिथे, म्हणजे गाडीच्या माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तिथे, मागच्या अ‍ॅक्सलखाली लावावेत. पट्ट्यांच्या स्प्रिंग असलेल्या व्हॅनमध्ये चासीखाली स्टँड लावले की अ‍ॅक्सल खाली लोंबते आणि केबलचा मार्ग बदलून तिच्यावरचा ताणही बदलतो. त्या स्थितीत केलेली मापे गाडी जमिनीवर आल्यावर चुकीची ठरतात.

दोष नेमका कुठे आहे

हँडब्रेक पूर्ण सोडा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि मागची दोन्ही चाके हाताने फिरवून पाहा. पॅडचा हलका घासण्याचा आवाज डिस्क ब्रेकमध्ये नेहमीच येतो, तो दोष नव्हे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये डिफरन्शियल आणि प्रॉपेलर शाफ्ट या इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांमुळे चाक थोडे जड लागते, आणि एक चाक फिरवले की दुसरे उलट दिशेला फिरू शकते. हा जडपणा ब्रेकचा समजून अनेकांनी विनाकारण कॅलिपर उघडलेले आहेत. डाव्या आणि उजव्या चाकातला फरक काय आहे, एवढेच इथे महत्त्वाचे आहे.

आता मदतनीसाला दांडी ओढून सोडायला सांगा आणि तुम्ही चाकाजवळून कॅलिपरवरच्या लिव्हरकडे लक्ष ठेवा. दांडी सोडताच लिव्हर झटक्यात मागे येऊन आपल्या थांब्याला टेकला पाहिजे. तो सावकाश येत असेल, अर्ध्यावर थांबत असेल, किंवा थांब्याला टेकतच नसेल, तर दोष बहुधा मागच्या बाजूला आहे. पण तो केबलचा आहे की कॅलिपरचा, हे अजून ठरलेले नाही.

ते ठरवणारी चाचणी अगदी सोपी आहे, तरीही ती सर्वाधिक टाळली जाते. मधल्या इक्वलायझरचा, म्हणजे जिथे पुढची केबल दोन मागच्या केबलींना ताण वाटून देते त्या पट्टीचा, नट सैल करा आणि मागच्या केबलचे टोक लिव्हरमधून काढा. केबल सुटताच लिव्हर थांब्यावर परत गेला आणि चाक मोकळे झाले, तर केबल त्याला धरून ठेवत होती. केबल सुटूनही लिव्हर तिथेच राहिला, तर आस गंजला आहे किंवा परतीची स्प्रिंग कमजोर झाली आहे, आणि अशा कॅलिपरला तुम्ही कितीही केबल जोडल्या तरी चाक धरूनच राहणार. लिव्हर पक्कडीने हलकेच पुढे नेऊन सोडून पाहा. दोन्ही बाजूंचा प्रतिसाद सारखा असला पाहिजे. त्यानंतर सुटलेल्या केबलची आतली तार हाताने पुढे-मागे ओढा. चांगली केबल कुठेही न अडकता सरकते. ती खरखरत असेल, एका जागी थांबत असेल, किंवा ओढली जाऊनही परत ढकलता येत नसेल, तर ती बदलायलाच हवी.

टोपीतल्या ड्रमच्या रचनेत लिव्हर बाहेरून दिसत नाही. तिथे केबल सैल करूनही चाक मोकळे झाले नाही तर डिस्क काढून शू पाहणे भाग आहे. डिस्क निघत नसेल तर ती हातोड्याने ठोकण्यापूर्वी शूचा अ‍ॅडजस्टर सैल करा, कारण ड्रमच्या आतल्या कडेला झिजून बनलेला कंगोरा शूंना अडवत असतो.

जुनी केबल काढणे

सुरुवात करण्यापूर्वी केबलच्या संपूर्ण मार्गाची छायाचित्रे काढून ठेवा. प्रत्येक क्लिप, प्रत्येक रबरी ग्रोमेट आणि एक्झॉस्टच्या उष्णतारोधक पत्र्याच्या कोणत्या बाजूने केबल जाते, हे नंतर आठवत नाही. जमिनीच्या पत्र्यावरून किंवा एखाद्या बंद पोकळीतून केबल जात असेल तर तिच्या टोकाला मजबूत दोरी बांधा आणि केबल बाहेर ओढताना दोरी आत जाऊ द्या. नवी केबल त्याच दोरीने परत ओढून घेता येते.

इक्वलायझरचे आटे बहुतेक गाड्यांत चिखलाने आणि गंजाने भरलेले असतात. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारे तेल लावा आणि शक्य असेल तर एक रात्र थांबा. नट फिरवताना आट्यांची दांडी दुसऱ्या हाताने पक्कडीत धरा, नाहीतर नटाबरोबर केबलही पिळली जाते आणि पुढची चांगली केबलही हातची जाते. हे तेल डिस्क, पॅड किंवा शूवर उडू देऊ नका. एकदा तेल शोषलेले लायनिंग पुन्हा विश्वासार्ह होत नाही.

केबलच्या बाहेरच्या आवरणाचे टोक ब्रॅकेटमध्ये स्प्रिंगच्या पाकळ्यांनी किंवा यू आकाराच्या क्लिपने धरलेले असते. पाकळ्यांचे टोक असेल तर पक्कडीने एक पाकळी दाबावी तोवर दुसरी उघडते, असा अनुभव सर्वांनाच येतो. त्यावर उत्तम उपाय म्हणजे योग्य मापाचा रिंग पाना, बहुधा १२ ते १४ मिमीचा, केबलच्या टोकावरून सरकवून पाकळ्यांवर दाबणे. सर्व पाकळ्या एकदम आत दबतात आणि टोक ब्रॅकेटमधून मागे ओढता येते. तरीही ते निघत नसेल तर आवरण कापून टाका, कारण केबल तशीही जाणार आहे. ब्रॅकेट वाकवू नका, कारण तो कॅलिपरचा किंवा अ‍ॅक्सलचा भाग असतो आणि वाकलेला ब्रॅकेट नव्या केबलला कायमचा तिरका ताण देतो.

काढलेली केबल कापून पाहा

माझ्या मते संपूर्ण कामातला सर्वांत मोलाचा अर्धा तास हा आहे. जुनी केबल फेकण्यापूर्वी तिचे बाहेरचे आवरण लांबीनुसार चिरा आणि गंज नेमका कुठे आहे ते शोधा. केबलची रचना अशी असते: मध्ये अनेक पोलादी धाग्यांची तार, तिच्याभोवती प्लास्टिकची गुळगुळीत नळी, तिच्याभोवती पोलादी पट्टीचे किंवा तारेचे वेटोळे, आणि सर्वांत बाहेर प्लास्टिकचा थर. गंजलेल्या लोखंडाचे आकारमान मूळ धातूपेक्षा जास्त होते. त्यामुळे बाहेरच्या थरात एखादी छोटी चीर पडून आतले वेटोळे गंजले, तर ते आतल्या बाजूने फुगत जाते आणि तारेला आवळते. बाहेरून केबल जवळपास चांगली दिसत असताना ती जाम का होते, याचे स्पष्टीकरण हेच आहे.

पहिल्यांदा बदलली गेलेली जुनी केबल मी सुदैवाने ठेवून दिली होती. ती चिरली तेव्हा चाकाकडच्या टोकापासून साधारण दोन वितींचा भाग गंजाने पूर्ण भरलेला निघाला आणि बाकीची सारी तार चकचकीत होती. टोकाचा रबरी बूट फाटलेला होता आणि त्यातून शिरलेले पाणी केबलच्या वळणाच्या सर्वांत खालच्या भागात साचून राहत होते. गंज टोकाला असेल तर बुटाचा दोष शोधा. गंज मधेच कुठे असेल तर तिथे आवरण कशावर तरी घासत होते. गाडीखाली त्याच जागी परत जाऊन तो ब्रॅकेट, क्लिप किंवा सुटलेला पत्रा शोधा आणि आधी तो दुरुस्त करा. प्लास्टिक वितळलेले दिसले तर केबल एक्झॉस्टजवळून गेलेली होती किंवा तिथला उष्णतारोधक पत्रा गळून पडलेला आहे. हे कारण दूर न करता टाकलेली नवी केबल त्याच जागी, त्याच कारणाने खराब होणार.

नवी केबल निवडणे आणि बसवणे

एकाच नावाच्या व्हॅनमध्ये चाकांमधले अंतर लहान, मध्यम आणि मोठे असे वेगवेगळे असते, मागे एकेरी किंवा जोड चाके असू शकतात, आणि डावी-उजवी केबलही अनेकदा वेगळ्या लांबीची असते. म्हणून केवळ गाडीच्या नावावर केबल घेऊ नये. चासी क्रमांकावरून सुटा भाग निश्चित करावा आणि बसवण्यापूर्वी नवी केबल जुन्या केबलच्या शेजारी जमिनीवर सरळ ठेवून पाहावी. इथे एकूण लांबी सारखी असणे पुरेसे नाही. बाहेरच्या आवरणाची लांबी आणि त्यातून बाहेर राहणारी मोकळी तार किती आहे, ही दोन मापे वेगवेगळी जुळली पाहिजेत. आवरण थोडे जरी लांब असेल तरी मोकळी तार तेवढीच कमी होते, आणि मग नट पूर्ण सैल करूनही लिव्हर थांब्याला टेकत नाही.

मागच्या दोन्ही केबल एकाच वेळी बदलाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. इक्वलायझर दोन्ही केबलींना सारखा ताण देतो, परंतु जुन्या केबलमध्ये घर्षण अधिक असल्याने तिच्या टोकाला तेवढा ताण पोहोचत नाही. परिणामी एक चाक घट्ट धरले जाते, दुसरे सैल राहते, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी कोणीतरी नट आवळतो.

केबल बसवताना मूळ मार्ग सोडू नका आणि कुठेही तीव्र वळण देऊ नका. प्रॉपेलर शाफ्ट, स्प्रिंग आणि एक्झॉस्टपासून अंतर राखा. व्हॅनमध्ये रिकामी आणि भरलेली गाडी यांत अ‍ॅक्सलची उंची बरीच बदलते, त्यामुळे चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यामधल्या भागात केबलला पुरेशी ढील असली पाहिजे. प्लास्टिकची नळी असलेल्या केबल कारखान्यातूनच वंगण लावून येतात, त्यांच्या आत वेगळे तेल ओतू नये. ग्रीस लावायचे ते बाहेरच्या सांध्यांना आणि इक्वलायझरच्या आट्यांना. बूट नीट बसला आहे आणि पिळला गेलेला नाही हे पाहून घ्या, कारण पुढची काही वर्षे त्याच एका रबराच्या तुकड्यावर अवलंबून आहेत.

याच वेळी कॅलिपरमधले पॅड बदलणार असाल तर एक सावधगिरी आवश्यक आहे. हँडब्रेकचा लिव्हर असलेल्या कॅलिपरचा पिस्टन बहुतेक रचनांत सरळ दाबून आत जात नाही; तो योग्य अवजाराने फिरवत फिरवत आत न्यावा लागतो, आणि फिरवण्याची दिशा गाडीनुसार बदलू शकते. शिकंज्याने जोर लावल्यास आतला स्वयंचलित अ‍ॅडजस्टर मोडतो आणि मग हँडब्रेक कधीच नीट जुळत नाही.

जुळवणीचा क्रम

केबलचा नट हा जुळवणीतला शेवटचा टप्पा आहे, पहिला नव्हे. ही तक्रार वारंवार येणाऱ्या बहुतेक गाड्यांत हाच क्रम उलटा झालेला असतो.

कॅलिपरच्या रचनेत आधी नट इतका सैल करा की दोन्ही लिव्हर निःसंशय थांब्याला टेकतील. मग इंजिन चालू करून पायाचा ब्रेक पुरेशा जोराने वीस-तीस वेळा दाबा, म्हणजे कॅलिपरमधला स्वयंचलित अ‍ॅडजस्टर पॅड आणि डिस्कमधले अंतर स्वतः कमी करील. त्यानंतरच केबलची ढील जेमतेम जाईल इतका नट आवळा आणि लिव्हर अजूनही थांब्याला टेकलेले आहेत याची खात्री करा. लिव्हर थांब्यापासून उचललेला राहिला तर अनेक कॅलिपरमधला स्वयंचलित अ‍ॅडजस्टर काम करणे थांबवतो. मग पॅड झिजत जातात तसे अंतर वाढत जाते, दांडी वर येते, कोणीतरी पुन्हा नट आवळतो आणि लिव्हर आणखी उचलला जातो. केबल ताणली गेली असे ज्याला म्हटले जाते, ते पुष्कळदा प्रत्यक्षात हे चक्र असते.

टोपीतल्या ड्रमच्या रचनेतही सुरुवात केबल पूर्ण सैल करूनच होते. डिस्कमधल्या छिद्रातून किंवा मागच्या पत्र्यातल्या रबरी झाकणाखालून अ‍ॅडजस्टरचे दातेरी चाक दिसते. ते फिरवून गाडीचे चाक हाताने फिरेनासे होईपर्यंत शू पसरवा, मग गाडीचे चाक पुन्हा मोकळेपणाने फिरेपर्यंत काही दाते मागे घ्या, आणि दुसऱ्या बाजूलाही तेवढेच दाते मागे घ्या. त्यानंतर केबल.

दोन्ही रचनांत नवी केबल जागी बसावी म्हणून दांडी पूर्ण जोराने दहा-बारा वेळा ओढून सोडा आणि मग जुळवणी पुन्हा तपासा. किती खटक्यांवर ब्रेक लागला पाहिजे हे गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावे. अनेक गाड्यांत ते चार ते आठच्या दरम्यान असते. पहिल्या खटक्याला मागची चाके अजून हाताने फिरली पाहिजेत आणि हँडब्रेकचा दिवा लागला पाहिजे.

रस्त्यावरची तपासणी

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियम क्रमांक १३ नुसार पूर्ण भरलेले व्यावसायिक वाहन केवळ पार्किंग ब्रेकवर १८ टक्के चढावर आणि उतारावर स्थिर राहिले पाहिजे. हा उतार म्हणजे १०० मीटर आडव्या अंतरात १८ मीटर चढ, सुमारे १० अंशांचा कोन. इतका तीव्र उतार जवळ नसेल तरी मिळेल त्या मोकळ्या उतारावर दोन्ही दिशांना तोंड करून, पाय ब्रेकवर तयार ठेवून तपासणी करावी. एका दिशेला धरणारा ब्रेक दुसऱ्या दिशेला सरकू शकतो, विशेषतः ड्रमच्या रचनेत.

नंतर हँडब्रेकला हात न लावता काही किलोमीटर गाडी चालवा, शक्यतो पायाचा ब्रेकही कमी वापरा, आणि थांबल्यावर दोन्ही मागच्या डिस्कचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. आकडा किती आला यापेक्षा दोन्ही बाजूंत मोठा फरक आहे का, हे पाहायचे असते. डिस्कला हात लावून पाहू नये. थर्मामीटर नसेल तर डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाकले तरी जास्त तापलेली बाजू ओळखता येते.

कॅलिपरच्या रचनेबद्दल आणखी एक सांगणे आवश्यक आहे. लांब उतार उतरून तापलेल्या ब्रेकवर व्हॅन उभी केली, तर थंड होताना डिस्क आणि पॅड आकसतात आणि हँडब्रेकची पकड कमी होते. केबल, लिव्हर, जुळवणी सारे निर्दोष असतानाही अशी गाडी काही वेळाने सरकू शकते. म्हणून तापलेली गाडी उतारावर लावताना ती गिअरमध्ये ठेवावी, पुढची चाके रस्त्याच्या कडेकडे वळवावीत आणि काही मिनिटांनी दांडी पुन्हा एकदा ओढावी.

माझ्या व्हॅनला शेवटी उजवा कॅलिपर बदलावा लागला, आणि त्याबरोबर दोन्ही केबल. साधारण ५०० किलोमीटरनंतर मी चाके उचलून पुन्हा पाहिले. केबल थोडी बसली होती, नट एक फेरा आवळावा लागला, आणि दोन्ही लिव्हर थांब्याला टेकलेले होते. तेव्हापासून गाडी सपाटीवर उभी करतानाही मी दररोज हँडब्रेक वापरतो, कारण न हलणारी तार आणि न हलणारा आस यांच्यावरच गंज आधी बसतो.